बारा दहाचं विमान

कैरो ते धुळे दोन हजार सातशे ऐंशी मैल. हा आकडा बरोबर आहे, कुणालाही तपासून घेऊ दे. कैरोहून बसरा नऊशे ऐंशी, बसऱ्याहून कराची बाराशे चाळीस आणि कराचीहून आमचा धुळ्याचा माळ पाचशे साठ. शाळेतला पृथ्वीचा गोल मागून आणून, त्यावर दोरा ताणून मी हे तीनदा मोजलं होतं. चूक अंतरात नव्हती. तासांतही नव्हती. चूक शेवटच्या ओळीत होती, आणि ती माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. उगीच मागाहून कुणी म्हणायला नको की पितांबरनानानं लपवलं.

मी बांधकाम खात्यातला ओव्हरसियर. मूळचा फैजपूरचा, नोकरी सगळी धुळ्याला. टेप लावल्याशिवाय मी देवळाच्या पायरीवरसुद्धा पाय ठेवत नाही, असं आमची ही म्हणते. म्हणू दे. लढाईच्या दिवसांत सरकारनं आग्रा रोडपासून आत, गावापासून चार मैलांवर, अडल्यानडल्या विमानांसाठी एक माळ तयार केला आणि त्याची देखरेख माझ्या गळ्यात आली. मुरमाची सपाट जमीन, कडेनं चुना लावलेले दगड, मधोमध चुन्याचं मोठं वर्तुळ आणि वारा कुठला आहे ते दाखवायला खांबावर कापडी पिशवी. एवढाच काय तो थाट. तीन वर्षांत पाच विमानं उतरली, त्यातलं एक साहेबाच्या पोटात कळ आली म्हणून. बाकी वेळ तिथे गुरं चरायची आणि वर्तुळात बगळे बसायचे.

माळाचा राखणदार वना. त्याचं तीन खणांचं घर माळाच्या कडेलाच. घरात त्याची बायको मंजुळाबाई आणि वनाचा म्हातारा बाप भटूआबा. आबांची दृष्टी गेलेली. माणूस आला की त्याचा हात हातात घ्यायचे, दाबून बघायचे आणि नाव सांगायचे. कधी चुकले नाहीत.

वनाचा एकुलता एक मुलगा अभिमन मोटारीच्या कामात हुशार. बेचाळीसच्या दिवाळीत विमानखात्यात फिटर म्हणून लागला आणि थेट कैरोला गेला. तेव्हापासून घरी नाही.

आता कानबाईचं सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे आणि त्याचेच रोट करायचे. ते रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला, मग तो कितीही जवळचा असो, तुकडासुद्धा द्यायचा नाही, आणि उरू तर अजिबात द्यायचे नाहीत. मंजुळाबाईनं दर श्रावणात अभिमनच्या नावाची मूठ घेतली, आणि दोन वर्षं त्याच्या वाटचा रोट तसाच राहिला. तो नदीकाठी खड्डा करून पुरावा लागला. वनाच्या भाऊबंदांत एक रीत होती. तिसऱ्या वर्षीही रोट उरला, तर त्या नावाची मूठ पुढे घ्यायची नाही. नाव घरातून गेलं, असं धरायचं. ताईबाई नावाच्या चुलत जावेनं हे मंजुळाबाईला पाणवठ्यावर, चार बायकांत ऐकवलं होतं. बाई त्या दिवसापासून धड जेवत नव्हती.

आणि पंचेचाळीसच्या श्रावणात, लढाई संपल्याची बातमी ताजी असतानाच, अभिमनचं पत्र आलं. वाचून दाखवायला अर्थात मलाच बोलावलं.

रजा मंजूर झाली होती. एक साहेब मालाचं विमान घेऊन नागपूरला निघणार होता. अभिमनला तो वाटेत आमच्या माळावर उतरवून देणार होता. शनिवारी संध्याकाळी सहा वीसला, कैरोच्या घड्याळानं, निघणार. वाटेत बसरा आणि कराची, दोन्हीकडे तेलासाठी दोन-दोन तास मुक्काम. 'नानांना सांगा, वर्तुळात धूर करून ठेवा, ढगांत माळ दिसत नाही,' असं शेवटी लिहिलं होतं. आणि तो रविवार नेमका कानबाईचा!

मंजुळाबाई खालीच बसली. रडली नाही. पदरानं हात पुसत म्हणाली, "नाना, मना पोऱ्या कितला वाजता ई? माले घडी सांगा. पानं तवय मांडसू."

"दुपारी आला तर?"

"दुपारले बठूत."

"आणि संध्याकाळी आला तर?"

"सांजले ई त सांजले बठूत. दिवसभर उपाशी ऱ्हासूत आम्हीन. पण नाना, बराबर सांगा हां. त्याना रोट यंदा उराले नको."

बराबर सांगा, असं मला सांगत होती! मला! मी चिडून म्हणालो, "मंजुळाबाई, मिनिटासकट सांगतो." आणि पाटी मागवली.

विमान तासाला एकशे साठ मैल तीन फर्लांग जातं. दोन हजार सातशे ऐंशीला सतरा तास वीस मिनिटं. त्यात मुक्कामाचे चार. एकूण एकवीस तास वीस मिनिटं. शनिवारी सहा वीसला निघालं, म्हणजे रविवारी दुपारी तीन चाळीसला आमच्या माळावर. पण हे कैरोच्या घड्याळानं. त्यांच्या आणि आपल्या घड्याळात साडेतीन तासांचा फरक. तो मी वजा केला आणि पाटीवर मोठ्या आकड्यांत लिहिलं: बारा दहा.

मंजुळाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ती पाटी पुसू दिली नाही. कानबाईच्या पाटाशेजारी नेऊन ठेवली.

रविवारी सकाळी भुरभुर पाऊस झाला आणि थांबला. ऊन आणि सावली माळावरून चालत होती, एकामागून एक, घाई नसल्यासारखी. ओल्या गवताचा, तरोट्याचा वास सुटला होता. वनाच्या घरातून भाजक्या रोटांचा आणि तुपाचा वास यायचा, मधूनच बंद व्हायचा. मी आणि वनानं गुरं हाकलून दिली, वर्तुळाच्या कडेला गोवऱ्या पेटवल्या, वर ओलं गवत टाकलं. धूर निघाला आणि सरळ उभा राहिला. इतका सरळ धूर मी त्या माळावर पूर्वी पाहिला नव्हता. खांबावरची पिशवी लोंबत होती. वर्तुळात सात-आठ बगळे बसले होते, ते मी मुद्दाम हाकलले नाहीत, म्हटलं विमान आलं की उडतील आपणच.

बाराला पाच कमी असताना मंजुळाबाई आली. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. आम्ही तिघं उभे राहिलो. मला त्या पंधरा मिनिटांत झोप आल्यासारखं झालं, उभ्या उभ्या, लहानपणी आईच्या जात्याजवळ यायची तशी.

मग ते दिसलं. नंदुरबारच्या बाजूनं, ढगाच्या खालून, राखाडी. आवाज होता, पण शेजारच्या घरात जातं फिरावं तेवढाच. मी घड्याळ काढलं. बारा दहा. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्या पोरापेक्षा माझ्या हिशेबाचा आनंद जास्त झाला. वनाच्या पाठीवर थाप मारून मी म्हणालो, "बघ! मिनिटासकट!"

विमान उतरलं आणि वर्तुळाच्या मधून गेलं. बगळे बसूनच होते. चाकं त्यांच्या अंगावरून जावीत इतक्या जवळून गेली, आणि एकानंही मान वर केली नाही.

हे मी पाहिलं. पाहिलं आणि मनाला म्हटलं, असेल, माळावरचे बगळे निर्ढावलेले असतात.

दार उघडलं. खाकी पिशवी खांद्यावर घेऊन अभिमन उतरला. माळावर उतरणाऱ्या प्रत्येक विमानाच्या साहेबाची सही माझ्या रजिस्टरात लागते, म्हणून मी रजिस्टर घेऊन धावलो. पण मी पोचेपर्यंत विमान वळलं, धावलं आणि ढगात गेलं. धूर तसाच सरळ उभा होता.

अभिमन माझ्या पाया पडला. गोरा झाला होता, तब्येत छान, गाल भरलेले. "नाना, वेळेवर आलो ना?"

"अरे, मिनिटावर!"

"तुम्ही सांगितली तीच वेळ धरली," तो हसून म्हणाला.

मी त्याला काहीच कळवलेलं नव्हतं. पण तेव्हा ते शब्द माझ्या कानांवरून नुसते गेले. माझं लक्ष त्याच्या मनगटावरच्या नव्या घड्याळाकडे होतं. त्यात तीन चाळीस झाले होते.

"कैरोचीच वेळ ठेवलीय वाटतं?"

"हो. तीच आहे," तो म्हणाला. मंजुळाबाईनं त्याचा हात धरला आणि घराकडे नेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही तिनं, जणू मागे पाहिलं तर कुणी परत मागून घेईल.

मी भाऊबंद नाही, म्हणून मी ओट्यावर बसलो. मला चहा मिळाला. आत तीन पानं मांडली होती. आबांनी नातवाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"हात थंडा शे रे, पोऱ्या."

"इमानमा थंडी ऱ्हास, आबा."

आबांनी हात सोडून दिला. नाव त्यांनी सांगितलं नाही.

तो जेवला. दूध-गुळाशी रोट, गंगाफळाची भाजी. शेवटचा कण बोटानं टिपून खाल्ला. मंजुळाबाई हुंदका देऊन बोलली, "माय कानबाई, यंदा काही उरनं नही!" आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. मलाही भरून आलं. मी काही दगड नाही.

जेवून तो मधल्या खोलीत झोपायला गेला. मी रजिस्टर उघडलं. येण्याची वेळ लिहिली, बारा दहा. पुढे हौसेनं कैरोची वेळही लिहायला घेतली. त्याच्या घड्याळात पाहिलेली. तीन चाळीस.

लेखणी तिथेच थांबली.

सूर्य आधी आपल्याकडे उगवतो. आपलं घड्याळ पुढे, कैरोचं मागे. शाळेतलं पोरगंही सांगेल. कैरोला तीन चाळीस, तर इथे त्यात साडेतीन मिळवायचे. सात दहा. संध्याकाळचे. मी वजा केले होते.

म्हणजे इथे बारा दहा झाले तेव्हा कैरोला सकाळचे आठ चाळीस झाले होते. त्या वेळी ते विमान बसरा आणि कराचीच्या मध्ये, समुद्राच्या वर असायला हवं होतं.

मी पुन्हा गणित केलं. तीनदा केलं. मग उठून माळावर गेलो.

मुरूम ओला होता. बैलगाडी गेली तरी चार दिवस चाकोरी राहते अशी जमीन. वर्तुळापासून घराकडे पावलं होती. माझ्या वहाणांची, वनाच्या जोड्यांची, मंजुळाबाईच्या अनवाणी पायांची. बुटांची नव्हती. चाकांची नव्हती. बगळ्यांच्या नख्यांची बारीक नक्षी तेवढी सगळीकडे होती.

वनाला हाक मारून दाखवलं. हिशेबही सांगितला. वनाला आकडे कळले की नाही कोण जाणे, पण जमीन कळली. तो खाली बसला, मुरमावर हात फिरवला.

"नाना," तो म्हणाला, "सांजले आखो धूर करूत."

घरात कुणाला सांगितलं नाही.

सातला धूर पेटवला. वारा होता. धूर जमिनीवर लोळत गेला, आमच्या डोळ्यांत गेला. सात दहाला कानठळ्या बसवणारा आवाज आला. बगळे एकदम उडाले. गुरांनी दावी तोडली. विमान चिखल उडवत धडधडत उतरलं, आणि लालबुंद तोंडाचा साहेब शिव्या देत खाली आला. त्यानं माझ्या रजिस्टरात सही केली. ती सही आजही आहे.

मागून अभिमन उतरला. वाळलेला, डोळे खोल गेलेले, अंगाला तेलाचा वास. वाकून पाया पडला आणि मनगट माझ्यापुढे केलं.

"नाना, इथे किती वाजले? माझ्यात अजून कैरोचे तीन चाळीस आहेत."

मी सांगितलं. माझ्यासमोर त्यानं काटे फिरवले, सात दहावर आणले.

"आई जेवायची थांबलीय ना? दोन दिवस रोटाचाच विचार करतोय."

वनानं त्याला मिठी मारली आणि सोडलीच नाही. बापाला असं रडताना पोरानं कधी पाहिलं नव्हतं. तो गांगरला.

घरी आलो. आबा ओट्यावर होते. त्यांनी पोराचा हात पकडला, दाबला, आणि ओरडले, "अभिमन! हाऊ अभिमन शे! हात गरम शे!"

मंजुळाबाई दारात आली. हातात दिवा. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हनुवटीवरची लहानपणची खूण पाहिली. हात वर उचलला, पण लावला नाही.

"आबा, हळू बोला," ती म्हणाली. "तो मधमा निजेल शे."

मी आणि वना आत गेलो. चटई अंथरलेली होती. उशीला खळगा होता. पांघरूण पायाशी सारलेलं. खाकी पिशवी नव्हती, माणूस नव्हतं. मंजुळाबाई आमच्या मागून आली, चटईशेजारी बसली आणि पदरानं वारा घालू लागली.

बाहेर अभिमननं हाक मारली, "माय, भूक लागनी!"

तिनं वारा घालणं थांबवलं नाही. "बस भाऊ," ती आतूनच म्हणाली. "भाकर देस. रोट नही शे. ज्याना होता त्यानी खाई लिना."

पोटच्या पोराला ती भाऊ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कानबाईचं विसर्जन झाल्यावर मी पाटी घेऊन तिच्यासमोर बसलो. चूक कशी झाली ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे हात जोडले. म्हटलं, माझा दोष पोराला लावू नकोस, हाच तुझा आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती वेडी झालेली नव्हती. शांत होती, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

"हाऊ चांगला शे, नाना," ती म्हणाली. "तोंड बी त्यानंच शे. पण रोट ज्यानी खाया, तो घरना. मी काय करू? तुम्हीनच घडी सांगी होती."

लढाई संपल्यामुळे रजेतच नोकरीतून मोकळा झालेला अभिमन आठ महिने त्या घरात राहिला. आई त्याला वेळेवर वाढायची, कपडे धुवायची, कधी टाकून बोलली नाही. पाहुण्याशी वागावं तसं नीट वागायची. तो रात्री ओट्यावर झोपायचा, कारण मधल्या खोलीत चटई कायम अंथरलेली असायची. शेवटी जळगावला एका मोटार गॅरेजात काम मिळालं म्हणून निघून गेला. जाताना मला म्हणाला, "नाना, मी कुठे चुकलो ते तरी सांगा." मी तोंड फिरवलं.

पुढल्या श्रावणात, कानबाईच्या रविवारी, तो सकाळीच माझ्या दारात उभा राहिला. "आईनं माझ्या नावाची मूठ घेतली का?"

घेतली होती. वनानंच मला सांगितलं होतं. ऐकून पोराचा चेहरा उजळला. आम्ही दोघं माळावर गेलो. भुरभुर पाऊस होऊन थांबला होता. ऊन-सावली तशीच चालत होती. यंदा धूर कुणी केला नव्हता. वर्तुळात बगळे बसले होते.

मंजुळाबाई दारात आली, आम्हाला पाहून डोक्यावरचा पदर सावरला. "या नाना. या भाऊ. बसा." ओट्यावर घोंगडी टाकली. दोन कप चहा आणून ठेवला. एक मला, एक त्याला. मग आत गेली. आत तीन पानं मांडली होती. एका पानावर आबा बसले होते, एका पानावर वना. वनानं आमच्याकडे पाहिलं नाही. कानबाईच्या पाटाशेजारी माझी पाटी होती. आकडे पुसट झालेले, तरी वाचता येत होते.

अभिमननं कप उचलला. खाली मान घालून चहा पीत होता. दूर कुठेतरी, शेजारच्या घरात असावं तसं, जातं फिरत होतं. बगळे हलले नाहीत.

"खा रे पोऱ्या," आतून मंजुळाबाईचा आवाज आला. "सावकाश खा."

मी खिशातलं घड्याळ काढलं. बारा दहा. मग अभिमननं आपलं मनगट माझ्यापुढे धरलं. वर्षभरापूर्वी त्यानं माझ्यासमोर लावलेलं, कधी मागेपुढे न झालेलं त्याचं घड्याळ नीट चालत होतं, टिकटिक मला ऐकू येत होती. त्यात तीन चाळीस झाले होते.